संत मेथोडियस

संत मेथोडियस (जन्म : इ.स. ८१५च्या सुमारास, थेसालोनिकी. मृत्यू : ६ एप्रिल, इ.स. ८८५, मोराविया) हे नवव्या शतकातील बायझेंटाईन ख्रिस्ती धर्मप्रसारक, मठाधिपती आणि आर्चबिशप होते. धाकटे बंधू कॉन्स्टंटाईन, म्हणजेच संत सिरिल, यांच्यासह त्यांनी मध्य युरोपातील स्लाव लोकांमध्ये धर्मप्रसार केला आणि बायबल व उपासनाविधी स्लाव भाषेत आणले. या दोघा बंधूंना 'स्लावांचे प्रेषित' म्हणून ओळखले जाते. सिरिल यांचे निधन इ.स. ८६९मध्ये झाल्यानंतर पुढील १६ वर्षे हे कार्य मेथोडियस यांनी एकट्याने सांभाळले. धर्मप्रसारकाने लोकांच्या हाती कोणत्या भाषेतील धर्मग्रंथ द्यावा आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धाला व्यापून होता. त्यांच्या स्लाव ग्रंथांना रोमच्या पोपांनी प्रथम मान्यता दिली, मग मनाई केली, पुन्हा मान्यता दिली आणि त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच पुन्हा बंदी घातली.

पूर्वायुष्य

मेथोडियस यांचा जन्म बायझेंटाईन साम्राज्यातील थेसालोनिकी या बंदराच्या शहरात झाला. हे शहर आज ग्रीस देशात आहे. त्यांचे वडील लिओ हे सैन्यात वरिष्ठ अधिकारी होते. या दांपत्याला सात अपत्ये होती आणि कॉन्स्टंटाईन हे त्यांतील सर्वांत धाकटे होते, असे जुन्या चरित्रग्रंथात नमूद आहे. मेथोडियस हे त्यांचे मठवासी झाल्यानंतरचे नाव असून मूळ नाव मायकल होते, अशी परंपरा आहे. थेसालोनिकीच्या आसपासच्या प्रदेशात स्लाव टोळ्यांची वस्ती होती. त्यामुळे ग्रीक भाषेबरोबरच स्लाव बोलीही शहरवासीयांच्या कानांवर सतत पडत असे. पुढे या बंधूंची निवड मोरावियाच्या कामगिरीसाठी झाली, त्यामागे त्यांचे हे भाषाज्ञान हेच मोठे कारण होते.

धाकट्या भावाने राजधानी कॉन्स्टँटिनोपल येथे तत्त्वज्ञानाचे अध्ययन करून विद्वान म्हणून लौकिक मिळविला. मेथोडियस यांचा मार्ग वेगळा होता. सम्राटाने त्यांना स्लाव वस्तीच्या एका प्रांताचे शासक नेमले आणि तेथे त्यांनी अनेक वर्षे कारभार पाहिला. न्यायनिवाडा, कायदा आणि स्लाव लोकांच्या चालीरीती यांची त्यांना या काळात जवळून ओळख झाली. पुढे राज्यकारभाराचा त्याग करून ते आशिया मायनरमधील बिथिनिया प्रांतातल्या ऑलिम्पस पर्वतावरील मठात संन्यस्त झाले. नंतर ते पॉलिक्रॉन या मठाचे अधिपती झाले. इ.स. ८६०-६१मध्ये कॉन्स्टंटाईन यांना काळ्या समुद्रापलीकडील खझर राज्यात दूत म्हणून पाठविण्यात आले, तेव्हा मेथोडियस त्यांच्यासोबत गेले होते. या प्रवासात क्रिमियातील खेरसन येथे त्यांना काही अस्थी सापडल्या. पहिल्या शतकातील पोप क्लेमेंट यांच्याच त्या अस्थी आहेत, अशी दोघा बंधूंची श्रद्धा होती. त्या अस्थी त्यांनी जपून ठेवल्या आणि पुढे रोममध्ये त्यांचे स्वागत होण्यास त्या उपयोगी पडल्या.

मोरावियाचे निमंत्रण

इ.स. ८६२च्या सुमारास मोरावियाचा राजा रास्टिस्लाव याने बायझेंटाईन सम्राट मायकल तिसरा याच्याकडे दूत पाठविले. मोराविया हे राज्य आजच्या झेक प्रजासत्ताकाचा पूर्व भाग व स्लोव्हाकियाचा पश्चिम भाग या प्रदेशात पसरले होते. तेथे ख्रिस्ती धर्म पोहोचला होता. परंतु तो शिकविणारे धर्मगुरू बहुतांशी बव्हेरियातील होते आणि ते पूर्व फ्रँक राज्यातील बिशपांच्या अधीन होते. उपासना लॅटिन भाषेत होई आणि ती सामान्य जनांस समजत नसे. लोकांच्या भाषेत धर्म समजावून सांगणारा गुरू पाठवावा, अशी रास्टिस्लावची विनंती होती. या विनंतीमागे राजकारणही होते. फ्रँक राजाचे वर्चस्व झुगारून द्यावयाचे, तर फ्रँक बिशपांवर अवलंबून नसलेली धर्मव्यवस्था राज्यात असणे त्याला आवश्यक वाटत होते.

सम्राटाने आणि कॉन्स्टँटिनोपलचे धर्मप्रमुख फोटियस यांनी या कामी दोघा बंधूंची निवड केली. निघण्यापूर्वी कॉन्स्टंटाईन यांनी स्लाव भाषेतील ध्वनींसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. हीच ग्लागोलितिक लिपी होय. आज रशिया, बल्गेरिया, सर्बिया आदी देशांत प्रचलित असलेली सिरिलिक लिपी तीहून वेगळी असून ती नंतर बल्गेरियात घडली. सिरिल यांचे नाव मात्र तिला मिळाले. भाषांतराचा आरंभ योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या शब्दांनी झाला, असे चरित्रकार सांगतो. उपासनेत वाचावयाच्या शुभवर्तमानातील उताऱ्यांचा संग्रह हा या भाषेतील पहिला ग्रंथ मानला जातो.

इ.स. ८६३मध्ये दोघे बंधू मोरावियात पोहोचले आणि तेथे त्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ काम केले. उपासनाविधी, प्रार्थना आणि स्तोत्रसंहिता यांचे भाषांतर या काळात झाले. याचबरोबर त्यांनी तरुण शिष्यांना लेखन-वाचन शिकविले. हे शिष्य पुढे धर्मगुरू व्हावेत, असा त्यांचा हेतू होता. परंतु दोघा भावांपैकी कोणीही बिशप नव्हते आणि धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा अधिकार केवळ बिशपांनाच असतो. त्यामुळे शिष्य तयार होऊनही त्यांना दीक्षा मिळण्याची सोय नव्हती. ही दीक्षा मिळवून देण्यासाठी बंधू शिष्यांसह मोरावियातून निघाले. वाटेत पॅनोनियाचा स्लाव राजा कोत्सेल याने त्यांचे स्वागत केले. त्याने स्वतः ही लिपी शिकून घेतली आणि सुमारे ५० विद्यार्थी त्यांच्या स्वाधीन केले.

व्हेनिसमधील वाद

व्हेनिस येथे लॅटिन धर्मगुरूंनी कॉन्स्टंटाईन यांना वादास बोलाविले. देवाची स्तुती करण्यास हिब्रू, ग्रीक व लॅटिन या तीनच भाषा योग्य आहेत, अशी या धर्मगुरूंची भूमिका होती. येशूच्या क्रुसावर लावलेला फलक याच तीन भाषांत लिहिलेला होता, हा त्यांचा आधार होता. कॉन्स्टंटाईन यांनी उत्तरादाखल आर्मेनियन, जॉर्जियन, गॉथ, सिरियन अशा अनेक लोकांची उदाहरणे दिली. हे सर्व आपापल्या भाषेत उपासना करीत होते. पाऊस आणि सूर्यप्रकाश जर सर्वांना सारखे मिळतात, तर देवाचे शब्द तीन भाषांपुरते का राखून ठेवावेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील, न समजणाऱ्या भाषेतील प्रार्थनेविषयीच्या विवेचनाचाही त्यांनी आधार घेतला. क्रुसावरील फलक पिलाताने लावला होता; त्यावरून स्लाव परंपरेत या मताच्या लोकांना 'पिलातपंथी' असे उपरोधिक नाव मिळाले.

रोमची मान्यता

पोप निकोलस पहिला यांनी दोघा बंधूंना रोमला बोलाविले होते. ते तेथे पोहोचण्यापूर्वीच, नोव्हेंबर ८६७मध्ये, निकोलस यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर आलेले हेड्रियन दुसरे यांनी संत क्लेमेंट यांच्या अस्थींचे सन्मानाने स्वागत केले. त्यांनी स्लाव ग्रंथांना आशीर्वाद दिला व ते रोममधील संत मरियेच्या मोठ्या मंदिरात ठेवविले. रोमच्या प्रमुख मंदिरांत काही दिवस स्लाव भाषेत उपासना झाली. मेथोडियस यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि शिष्यांपैकी अनेकांनाही दीक्षा देण्यात आली.

पोपच्या या औदार्यामागील कारणे केवळ धार्मिक नव्हती. डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातील प्रदेशावर रोमचा जुना हक्क होता. एकीकडे कॉन्स्टँटिनोपलचा आणि दुसरीकडे बव्हेरियन बिशपांचा प्रभाव तेथे वाढत चालला होता. थेट पोपच्या अधीन असलेली स्लाव धर्मव्यवस्था उभी राहिल्यास हा हक्क पुन्हा प्रस्थापित होणार होता. ख्रिस्ती धर्मसंस्थेची रोम व कॉन्स्टँटिनोपल अशी कायमची विभागणी अद्याप झालेली नव्हती. म्हणून बायझेंटाईन धर्मप्रसारकाने पोपचा अधिकार मान्य करण्यात त्या काळी विसंगत असे काही नव्हते.

रोममध्ये असतानाच कॉन्स्टंटाईन आजारी पडले. त्यांनी मठवासी होऊन सिरिल हे नाव धारण केले आणि १४ फेब्रुवारी ८६९ रोजी वयाच्या ४२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मठातील एकांतवासाची मेथोडियस यांना किती ओढ आहे, हे धाकट्या भावास ठाऊक होते. त्या ओढीने हाती घेतलेले काम अर्धवट सोडू नये, अशी विनंती त्यांनी मृत्युशय्येवरून केली. आपण दोघे एकाच नांगराला जुंपलेले बैल होतो, अशा आशयाची उपमा चरित्रकाराने त्यांच्या मुखी घातली आहे. भावाचा देह मायदेशी नेण्याची मेथोडियस यांची इच्छा होती. दोघांपैकी जो आधी मरण पावेल त्याला दुसऱ्याने घरी आणावे, असे त्यांच्या मातेने सांगून ठेवले होते. रोमच्या धर्मगुरूंनी त्यास संमती दिली नाही. अखेर सिरिल यांना रोममधील संत क्लेमेंट यांच्या मंदिरात दफन करण्यात आले.

आर्चबिशपपद आणि कारावास

कोत्सेल राजाच्या विनंतीवरून पोप हेड्रियन यांनी मेथोडियस यांना पॅनोनियाचे आर्चबिशप नेमले. त्यांचे पीठ म्हणून सिर्मियम या प्राचीन नगराचे नाव देण्यात आले. हे नगर आजच्या सर्बियात आहे. पोपने त्यांना दिलेले एक आज्ञापत्र मेथोडियस यांच्या चरित्रात समाविष्ट आहे. त्यानुसार स्लाव भाषेतील उपासनेस परवानगी मिळाली. मात्र पत्रे व शुभवर्तमान यांचे वाचन आधी लॅटिनमध्ये आणि मग स्लाव भाषेत करावे, अशी अट घातली गेली. स्लाव ग्रंथांची निंदा करणाऱ्यांना धर्मबहिष्कृत करण्याची ताकीदही त्यात आहे. चरित्रातील या पत्राचा मजकूर कितपत मूळ स्वरूपात उरला आहे, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

या नेमणुकीने बव्हेरियातील बिशप संतप्त झाले. शार्लमेन सम्राटाच्या काळापासून, म्हणजे सुमारे ७५ वर्षे, पॅनोनियात साल्झबर्गचे धर्मगुरू काम करीत होते. तो प्रदेश आपल्याच धर्मप्रांतात मोडतो, अशी साल्झबर्गची ठाम धारणा होती. इ.स. ८७०च्या सुमारास आपला हक्क सिद्ध करण्यासाठी तेथे एक लॅटिन ग्रंथ रचण्यात आला. मेथोडियस नावाच्या एका ग्रीकाने नवी अक्षरे आणून लॅटिन भाषेची आणि रोमन शिकवणुकीची प्रतिष्ठा कमी केली, अशी तक्रार त्यात आहे. भाषेचा वाद आणि हद्दीचा वाद असे एकमेकांत गुंतलेले होते.

त्याच वर्षी मोरावियात सत्तांतर झाले. रास्टिस्लावचा पुतण्या स्व्हातोप्लुक याने त्याला फ्रँकांच्या स्वाधीन केले आणि फ्रँकांनी त्याचे डोळे काढले. मेथोडियस यांचा आश्रयदाता अशा रीतीने नाहीसा झाला. बव्हेरियन बिशपांनी मेथोडियस यांना पकडून आपल्या सभेपुढे उभे केले आणि दुसऱ्याच्या धर्मप्रांतात अनधिकाराने शिकविल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला. हा प्रदेश संत पेत्राचा, म्हणजे पोपचा आहे, असे उत्तर त्यांनी दिले. या सभेतील एक प्रसंग चरित्रात आला आहे. मेथोडियस यांना घाम फुटलेला पाहून उपस्थितांनी थट्टा केली. तेव्हा, एका तत्त्वज्ञालाही असाच घाम आला होता आणि कारण विचारता आपण अडाण्यांशी वाद घालून आलो असे त्याने सांगितले होते, ही गोष्ट मेथोडियस यांनी त्यांना ऐकविली.

सभेनंतर त्यांना स्वाबिया प्रांतातील एका मठात सुमारे अडीच वर्षे बंदिवासात ठेवण्यात आले. हा मठ एल्वांगेन येथील की रायखेनाऊ येथील, याविषयी एकमत नाही. त्यांना थंडी-पावसात उघड्यावर ठेवण्यात आले आणि पासाउचा बिशप हर्मनरिख त्यांच्यावर घोड्याचा चाबूक घेऊन धावून गेला, असे नंतर पोपने लिहिलेल्या पत्रांवरून कळते. पोपनेच नेमलेल्या आर्चबिशपाला बिशपांनी डांबून ठेवले असल्याची दखल रोमने प्रभावीपणे घेतली ती इ.स. ८७३मध्ये, नवे पोप जॉन आठवे यांच्या कारकिर्दीत. त्यांनी अँकोनाचे बिशप पॉल यांना आपले प्रतिनिधी म्हणून पाठविले, दोषी बिशपांना त्यांचे अधिकार वापरण्यास मनाई केली आणि मेथोडियस यांची सुटका करविली.

मनाई आणि पुनर्मान्यता

जॉन आठवे यांनी मेथोडियस यांना त्यांचे पद परत मिळवून दिले. तथापि त्याच वेळी, स्लाव भाषेत प्रवचन करण्यास हरकत नाही, पण मिस्सा लॅटिन किंवा ग्रीक भाषेतच व्हावी, असा आदेशही त्यांना दिला. त्यांना कैदेतून सोडविणाऱ्या अधिकारानेच त्यांच्या ग्रंथांचा उपासनेतील वापर थांबविला होता. मेथोडियस मोरावियात परतले. स्व्हातोप्लुक आता स्वतंत्रपणे राज्य करीत होता. धर्मप्रसाराचे काम पुन्हा सुरू झाले आणि नंतरच्या घटनांवरून दिसते की स्लाव उपासनाही चालूच राहिली.

इ.स. ८७९मध्ये मेथोडियस यांच्याविरुद्ध रोमकडे तक्रारी गेल्या. पवित्र आत्म्याविषयीच्या मतांगीकाराच्या वाक्यात फ्रँक धर्मगुरू एक जादा शब्द म्हणत असत. पवित्र आत्मा पित्यापासून आणि पुत्रापासूनही निघतो, असा त्याचा आशय होता. मेथोडियस तो शब्द म्हणत नसत. वस्तुतः रोममध्येही तो त्या काळी म्हटला जात नव्हता. दुसरी तक्रार स्लाव भाषेतील मिस्सेविषयी होती. मनाई असूनही ती चालू असल्याबद्दल पोपने नापसंती कळविली आणि मेथोडियस यांना रोमला बोलावून घेतले.

त्या वेळी त्यांचे वय ६०च्या पुढे होते. आल्प्स पर्वत ओलांडून ते रोमला गेले आणि त्यांनी आपली बाजू पोपसमोर मांडली. जून ८८०मध्ये पोप जॉन यांनी स्व्हातोप्लुकला उद्देशून एक आज्ञापत्र काढले. मेथोडियस यांची शिकवण शुद्ध असल्याचा निर्वाळा त्यात होता. तीन प्रमुख भाषा ज्याने निर्माण केल्या, त्यानेच इतर सर्व भाषाही आपल्या स्तुतीसाठी निर्माण केल्या, असा विचार पोपने त्यात मांडला. योग्य रीतीने भाषांतरित केलेले शुभवर्तमान, धर्मग्रंथातील वाचने आणि मिस्सा स्लाव भाषेत होण्यास श्रद्धेच्या दृष्टीने कोणतीही बाधा नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. व्हेनिसमध्ये सिरिल यांनी मांडलेली भूमिका अशा रीतीने पोपच्या अधिकृत पत्रात आली.

त्याच पत्रात दोन गोष्टी अशा होत्या की ज्यांनी या मान्यतेला सुरुंग लावला. शुभवर्तमान आधी लॅटिनमध्ये वाचण्याची अट कायम राहिली आणि राजा व त्याच्या सरदारांना लॅटिन मिस्सा अधिक आवडत असेल, तर ती त्यांच्यासाठी करावी, अशी मुभा दिली गेली. दुसरी गोष्ट म्हणजे राजाच्या इच्छेवरून विखिंग या जर्मन धर्मगुरूला नित्रा येथील बिशप नेमण्यात आले. पदाने तो मेथोडियस यांच्या अधीन होता. प्रत्यक्षात तो त्यांचा सर्वांत मोठा विरोधक ठरला. पोपचा खरा आदेश वेगळाच असून तो आपल्याकडे आहे, असा त्याने प्रचार केला. मेथोडियस यांनी याविषयी पोपकडे विचारणा केली. तेव्हा असे कोणतेही वेगळे पत्र आपण दिले नसल्याचे जॉन यांनी मार्च ८८१मध्ये लिहून कळविले. अखेर मेथोडियस यांनी विखिंगला धर्मबहिष्कृत केले.

बायबलचे भाषांतर

यानंतर मेथोडियस कॉन्स्टँटिनोपलला जाऊन आले. सम्राट बेसिल पहिला आणि फोटियस यांनी त्यांचा सत्कार केला. त्यांच्या शिष्यांपैकी एक धर्मगुरू व एक उपधर्मगुरू यांना स्लाव ग्रंथांसह सम्राटाने राजधानीत ठेवून घेतले.

मोरावियात परतल्यावर त्यांनी आयुष्यातील सर्वांत मोठे भाषांतर हाती घेतले. चरित्रानुसार, भराभर लिहू शकणाऱ्या दोन धर्मगुरूंना जवळ बसवून त्यांनी मक्काबींचे ग्रंथ वगळता संपूर्ण बायबल ग्रीकमधून स्लाव भाषेत सांगितले. काम मार्च महिन्यात सुरू होऊन २६ ऑक्टोबर रोजी संपले. हा काळ सहा महिन्यांचा असल्याचे चरित्राच्या हस्तलिखितांत आहे. हिशेब मात्र आठ महिन्यांचा होतो. ग्लागोलितिक लिपीत जे अक्षर आठ या संख्येसाठी वापरतात, तेच सिरिलिकमध्ये सहा दर्शविते. लिप्यंतर करताना नकलकाराने अक्षर तसेच ठेवल्याने ही चूक झाली असावी, असे स्पष्टीकरण संशोधक देतात. याशिवाय धर्मकायद्याचा एक संग्रह आणि प्राचीन धर्माचार्यांविषयीचा एक ग्रंथ यांचेही भाषांतर त्यांनी केले.

हे बायबल एकसंध स्वरूपात आज उपलब्ध नाही. त्याचे काही अंश नंतरच्या हस्तलिखितांत टिकून असावेत, असे मानले जाते. स्लाव भाषेतील संपूर्ण बायबल एकत्रित स्वरूपात पुन्हा तयार झाले ते इ.स. १४९९मध्ये, रशियातील नोव्हगोरोद येथे.

निधन

मृत्यू जवळ आल्याचे दिसताच मेथोडियस यांनी गोराझ्द या शिष्याची उत्तराधिकारी म्हणून निवड केली. गोराझ्द हे मोरावियाचेच रहिवासी होते आणि त्यांना लॅटिन भाषाही उत्तम अवगत होती. ६ एप्रिल ८८५ रोजी, पवित्र सप्ताहात, मेथोडियस यांचे निधन झाले. त्यांचा अंत्यविधी लॅटिन, ग्रीक आणि स्लाव अशा तीन भाषांत पार पडला. व्हेनिसच्या वादातील तीन भाषांपैकी हिब्रूची जागा येथे स्लाव भाषेने घेतली होती. त्यांना त्यांच्या मुख्य मंदिरात पुरण्यात आले, असे चरित्र सांगते. त्या मंदिराचे स्थान मात्र निश्चित झालेले नाही.

शिष्यांची हकालपट्टी

विखिंगने रोमला जाऊन नवे पोप स्टीफन पाचवे यांचे मन वळविले. त्याच वर्षी स्टीफन यांनी स्लाव भाषेतील उपासनेवर बंदी घातली. धर्मग्रंथाचे स्पष्टीकरण त्या भाषेत करण्यापुरतीच मुभा ठेवण्यात आली. स्वतः रोमला येऊन बाजू मांडेपर्यंत गोराझ्द यांनी अधिकार वापरू नयेत, असा आदेशही निघाला. स्व्हातोप्लुकने विखिंगची बाजू घेतली. मेथोडियस यांच्या शिष्यांची धरपकड झाली. प्रमुख शिष्यांना बेड्या घालून कैदेत टाकण्यात आले आणि मग हिवाळ्यात देशाबाहेर हाकलण्यात आले. तरुण शिष्यांपैकी काहींना गुलाम म्हणून विकले गेले. व्हेनिसच्या बाजारात आलेल्या अशा काहींना बायझेंटाईन सम्राटाच्या प्रतिनिधीने पैसे देऊन सोडविले.

क्लेमेंट, नाउम आणि आंजेलार हे शिष्य डॅन्यूबमार्गे बल्गेरियात पोहोचले. राजा बोरिस पहिला याला ग्रीक धर्मगुरूंवर अवलंबून राहणे नकोच होते. त्याने या शिष्यांना आश्रय दिला. क्लेमेंट यांनी ओह्रिड येथे मोठे विद्याकेंद्र उभारले. त्यांच्या हाताखाली ३५०० विद्यार्थी शिकले, असे त्यांचे चरित्र सांगते. प्रेस्लाव या राजधानीत दुसरे केंद्र निर्माण झाले. मोरावियात संपविण्यात आलेले ग्रंथकार्य बल्गेरियातून सर्बियात आणि दहाव्या शतकाच्या अखेरीस रशियन राज्यातही पोहोचले.

नंतरच्या काळातील परिणाम

रोमच्या अधिकारक्षेत्रात हा प्रश्न पुढेही पुन्हा पुन्हा उपस्थित झाला. इ.स. १०८०मध्ये बोहेमियाच्या राजाने स्लाव उपासनेची अनुमती मागितली असता पोप ग्रेगरी सातवे यांनी ती नाकारली. याउलट क्रोएशियात ग्लागोलितिक ग्रंथांची परंपरा तग धरून राहिली. ही लिपी प्राचीन बायबल-भाषांतरकार संत जेरोम यांनीच तयार केली, असा समज तेथे रूढ झाला होता. लॅटिन बायबल सिद्ध करणाऱ्या संताचे नाव जोडले गेल्याने या लिपीला एक प्रकारचे संरक्षण लाभले. इ.स. १२४८मध्ये पोप इनोसंट चौथे यांनी सेन्यच्या बिशपांना स्लाव उपासनेची अधिकृत परवानगी दिली.

कॅथलिक धर्मसंस्थेने लोकभाषांतील उपासनेस सर्वत्र वाट मोकळी करून दिली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, इ.स. १९६३मध्ये. महाराष्ट्रात मराठीतून आणि गोव्यात कोकणीतून आज होणारी मिस्सा ही याच निर्णयाचे फलित आहे. या निर्णयातही भाषांतरास धर्मसंस्थेची मान्यता असणे आवश्यक मानले गेले आहे.

चरित्रसाधने

मेथोडियस यांच्याविषयीची माहिती मुख्यतः दोन जुन्या स्लाव चरित्रांतून मिळते. एक कॉन्स्टंटाईन यांचे व दुसरे स्वतः मेथोडियस यांचे. दोन्ही शिष्यवर्गात रचली गेली असल्याने त्यांत गुरूविषयीची भक्ती आणि विरोधकांविषयीचा रोष दोन्ही आढळतात. पोपांची पत्रे आणि साल्झबर्गचा ग्रंथ ही विरुद्ध किंवा तटस्थ बाजूची साधने उपलब्ध असल्यामुळे चरित्रांतील अनेक घटना पडताळून पाहता येतात. कारावासाची हकिकत अशा दोन्ही प्रकारच्या साधनांत येते, म्हणून ती विश्वसनीय मानली जाते.

स्मृती आणि सन्मान

ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक अशा दोन्ही परंपरा मेथोडियस यांना संत मानतात. पोप लिओ तेरावे यांनी इ.स. १८८०मध्ये, म्हणजे जॉन आठवे यांच्या आज्ञापत्राला बरोबर १००० वर्षे झाली असताना, दोघा बंधूंचा सण संपूर्ण कॅथलिक धर्मसंस्थेत लागू केला. ३१ डिसेंबर १९८० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत बेनेडिक्ट यांच्या जोडीने युरोपचे आश्रयदाते संत घोषित केले आणि मेथोडियस यांच्या मृत्यूच्या ११००व्या वर्षी, इ.स. १९८५मध्ये, त्यांच्यावर एक परिपत्रक प्रसिद्ध केले. झेक प्रजासत्ताक व स्लोव्हाकिया येथे ५ जुलै हा त्यांच्या स्मृतीचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा असतो. बल्गेरियात २४ मे हा दिवस शिक्षण, संस्कृती आणि लिपी यांचा उत्सव म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळकरी मुले दोघा बंधूंच्या प्रतिमा घेऊन मिरवणुकीने जातात.